तिरुप्पनंदाळच्या निमित्ताने : खेळाचा हंगाम आणि कविता

खेळ हा गंभीर कवितेचा विषय होऊ शकतो की नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेत सहसा उपस्थित होत नाही. कारण त्याचे उत्तर आपण न विचारताच देऊन ठेवले आहे. संतांच्या गाथांत फुगडी आहे, हमामा आहे, हुतुतू आहे, चेंडूफळी आहे; पण ती सारी ‘रूपके’ होत, आणि रूपक म्हटले की खेळ हे नुसते टरफल व अध्यात्म हा आतला दाणा, असा आपला हिशेब ठरलेला. दाणा हाती आला की टरफल टाकून द्यावे, हे ओघानेच आले. प्रस्तुत लेखात या टाकलेल्या टरफलाकडे पुन्हा एकवार पाहावयाचे आहे; आणि त्यासाठी एका परदेशी पुस्तकापासून आरंभ करून कावेरीच्या खोऱ्यातील एका गावापर्यंत जावयाचे आहे.

१९९७ साली मेल ग्लेन या अमेरिकन कवीचे ‘जंप बॉल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बास्केटबॉलचा एक हंगाम कवितांतून, असे त्याचे उपशीर्षक आहे. ग्लेन हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील शाळेत शिकवीत असत, आणि वर्गात बसलेल्या मुलाच्या मनात काय चालले असेल ते त्याच्याच तोंडून वदवणे ही त्यांची जुनी खोड. या पुस्तकात त्यांनी एका माध्यमिक शाळेच्या संघाचा हंगाम सांगितला आहे. परंतु निवेदकाच्या मुखाने नव्हे, तर लहान लहान स्वगतांच्या मालिकेने. त्यात बोलतात ते केवळ खेळाडू नव्हेत. त्यांचे आईबाप बोलतात, शिक्षक बोलतात, मैदानाबाहेरची माणसेही बोलतात. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०१४ साली, क्वामे अलेक्झांडर यांचे ‘द क्रॉसओव्हर’ आले आणि २०१५ साली त्यास न्यूबेरी पदक मिळाले. दोघा जुळ्या भावांची ही पद्यकथा सामन्याच्याच विभागांत विभागलेली आहे : आधी अंग मोकळे करणे, मग चार पाव-डाव, आणि शेवटी जादा वेळ. म्हणजे खेळाचे घड्याळ हेच कवितेचे प्रकरण झाले.

बास्केटबॉल हा खेळ तसा अलीकडचा. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ यांनी तो बसविला. आपल्याकडे तो रुजविण्यात ख्रिस्ती युवक संघाचा वाटा मोठा. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासेत शारीरिक शिक्षणाचे जे विद्यालय काढले, त्यातून तयार झालेल्या शिक्षकांबरोबर असे नवे खेळ दक्षिणेतील शाळांच्या मैदानांवर गेले. खेळ नवा, तेव्हा त्याच्या कवितेची ही तऱ्हाही नवीच असली पाहिजे, असे वाटणे साहजिक आहे. पण खेळाचा स्वतःचा क्रम घेऊन त्यावरच कवितांची माळ ओवणे ही कल्पना नवी नाही. तिचे एक अत्यंत रेखीव रूप सतराव्या शतकातच तमिळमध्ये सिद्ध झालेले होते, आणि ते ज्याने सिद्ध केले त्या कवीचा मठ आजही ज्या गावात आहे, त्या गावावर मराठी राजांचे राज्य होते. ते गाव तिरुप्पनंदाळ.

कुंभकोणमच्या ईशान्येस, कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्या दरम्यानच्या भातशेतीत हे गाव वसले आहे. ‘पनै’ म्हणजे ताड. गावाच्या नावातच ताडाचे झाड आहे, आणि येथील अरुणजटेश्वराच्या देवळाचा स्थलवृक्षही तोच. संबंदरांच्या तेवारमात या स्थळाचे स्तवन आहे. देवळाची कथा सांगण्यासारखी आहे. ताटकै नावाची एक भाविक स्त्री लिंगास माळ घालीत असता तिचे वस्त्र सुटू लागले; हात गुंतलेले, माळ तर घालावयाची; तेव्हा तिची लाज राखण्यासाठी लिंग स्वतःच वाकले, आणि वाकले ते वाकलेलेच राहिले. राजाने ते सरळ करण्यासाठी हत्ती लावून पाहिले; लिंग हलले नाही. पुढे कुंगिलियक्कलय नायनार आले. त्यांनी दोराचे एक टोक लिंगास व दुसरे स्वतःच्या गळ्यास बांधून ओढले, आणि लिंग सरळ झाले. ‘पेरियपुराणम्’ या बाराव्या शतकातील ग्रंथात नायनारांची ही कथा आली आहे. आपल्यासारख्या मराठी वाचकास ती ऐकताना रस्सीखेच आठवल्यावाचून राहत नाही. फक्त ही रस्सीखेच विलक्षण आहे : एका बाजूस सारे सैन्य हरते, आणि एकटा भक्त जिंकतो, कारण समोरचा देवच त्याच्या बाजूचा होतो.

या गावी काशीमठ आहे. त्याची परंपरा कुमरगुरुपरर या संतकवीपासून सुरू होते. त्यांचा जन्म दक्षिणेतील श्रीवैकुंठम येथला. पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना वाचा नव्हती, ती तिरुच्चेंदूरच्या मुरुगनाच्या कृपेने फुटली, अशी आख्यायिका आहे. धर्मपुरम येथील मठाधिपती मासिलामणी देशिकर हे त्यांचे गुरू. गुरूंच्या आज्ञेने ते काशीस गेले. तेथील राज्यकर्त्यांशी बोलण्यासाठी हिंदुस्थानी भाषा यावी म्हणून त्यांनी सरस्वतीची ‘सकलकलावल्ली मालै’ रचली, असे परंपरा सांगते. आणि गंगेच्या काठी त्यांनी मठ स्थापिला. अठराव्या शतकात त्या परंपरेचे मुख्य पीठ काशीहून तिरुप्पनंदाळास आले. त्या काळी तंजावरच्या गादीवर भोसले होते. १६७६ च्या सुमारास एकोजीने स्थापिलेले हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. तेव्हा तमिळ कवीने काशीत स्थापिलेला मठ मराठी राजांच्या मुलखात येऊन स्थिरावला; भाषाभाषांमधील दळणवळणाचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

कुमरगुरुपररांची कीर्ती ज्या काव्यावर उभी आहे ते ‘मीनाक्षी अम्मै पिळ्ळैत्तमिळ’. मदुरेच्या तिरुमलै नायकाच्या (१६२३–१६५९) सभेत त्याचे प्रथम गायन झाले, आणि ते चालू असता देवीच बालिकेच्या रूपाने येऊन कवीच्या गळ्यात मोत्यांचा हार घालून गेली, असे सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिरुमलै नायकाच्या राजवटीची ती वर्षे म्हणजे देहूस तुकोबा अभंग रचीत होते तीच वर्षे. तुकोबांचे प्रयाण १६५० चे. खेळाची कविता दोन भाषांत एकाच वेळी बहरास आली होती. एकमेकींची वार्ता मात्र त्यांना नव्हती.

पिळ्ळैत्तमिळ हा काव्यप्रकार मराठी वाचकांस फारसा परिचित नाही, म्हणून त्याची घडण थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. देवता, संत अथवा राजा यास बालक कल्पून त्याच्या वाढीच्या दहा टप्प्यांवर हे काव्य रचावयाचे असते. या टप्प्यास ‘परुवम्’ म्हणतात, आणि प्रत्येक परुवमात साधारण दहा कवने असतात. आरंभ ‘काप्पु’ने, म्हणजे बालकाच्या रक्षणासाठी देवतांच्या विनवणीने. मग मूल गुडघ्याहातांवर डोलू लागते, ते ‘शेंगीरै’. जीभ हलवीत अंगाई ऐकते, ते ‘ताल’. टाळ्या वाजवते, ते ‘शप्पाणि’. नंतर मुका मागणे, जवळ बोलावणे आणि चंद्रास हाक मारणे. हे सात टप्पे मुलगा व मुलगी दोघांस सारखेच. शेवटच्या तिहींत मात्र फरक पडतो, आणि ते तीनही निव्वळ खेळ आहेत. मुलगा मुलींची वाळूची घरकुले मोडतो, लहानसा ढोल बडवतो, खेळण्यातला रथ ओढतो. मुलगी अम्मानै खेळते, पाण्यात डुंबते आणि झोक्यावर बसते.

बाराव्या शतकात ओट्टक्कूत्तरांनी कुलोत्तुंग चोळावर असे काव्य रचले. त्याही आधी पेरियाळ्वारांनी कृष्णाच्या बाललीला आईच्या तोंडून गाइल्या होत्या. कुमरगुरुपररांनी नवा प्रकार निर्माण केला नाही. तयार साच्यात त्यांनी प्राण ओतला. साचा म्हटला की आपण नाके मुरडतो. परंतु सामन्याचाही साचाच असतो. चार पाव-डाव आहेत म्हणून शेवटच्या पाव-डावात छाती धडधडते. दहा परुवमांचा क्रम ऐकणाऱ्यास आधीच ठाऊक असल्यामुळे पुढे काय होणार ही उत्सुकता राहत नाही, ते कसे होणार एवढीच राहते. आणि खेळ पाहणारा जाणता प्रेक्षकही तेवढेच पाहत असतो.

यांतील ‘अंबुळि’, म्हणजे चंद्राचा टप्पा, मला विशेष महत्त्वाचा वाटतो. चांदोबास हाका मारणारी बडबडगीते आपल्याकडेही आहेत. पण तेथे चांदोबा दुरून पाहुणा म्हणून येतो. तमिळ कवी त्यास खेळगडी म्हणून बोलावतो, आणि त्याचे मन वळविण्यासाठी साम, दान, भेद, दंड हे राजनीतीतील चारही उपाय योजतो. आधी म्हणावयाचे, तू आणि हे बाळ सारखेच आहात. मग म्हणावयाचे, तू कसला सारखा, तुला डाग आहे, तू झिजतोस. मग येण्याने होणारा लाभ दाखवावयाचा. आणि तरीही ऐकले नाही तर धाक घालावयाचा : दक्षाच्या यज्ञात तुला पायाखाली कसे रगडले ते आठव. गल्लीतील मुलांनी न येणाऱ्या मुलास खेळावयास ओढून आणताना हेच चारही उपाय वापरावेत, यात नवल ते काय! कौटिल्यास ते मागाहून सुचले असतील.

अम्मानै हा खेळ म्हणजे लाकडाचे किंवा इतर कशाचे गोळे आळीपाळीने उंच फेकून झेलणे. हात रिकामा राहता कामा नये आणि गोळा खाली पडता कामा नये. खेळताना गाणे म्हणावयाचे असते, आणि त्या गाण्याची एक स्वतंत्र तऱ्हाच तयार झाली. तीत तीन मैत्रिणी बोलतात : पहिली काही विधान करते, दुसरी त्यास आक्षेप घेते, तिसरी श्लेषाने उत्तर देऊन दोघींची तोंडे बंद करते. म्हणजे शब्दही गोळ्यासारखाच एकीकडून दुसरीकडे फेकला जातो आणि तिसरी तो झेलते. ‘शिलप्पदिकारम्’च्या शेवटी अम्मानै, चेंडू आणि झोका यांची गीते आहेत. माणिक्कवाचकरांच्या ‘तिरुवाचकम्’मध्येही अम्मानै, फुले तोडणे, झोका अशा मुलींच्या खेळांची व कामांची पदे एकामागून एक येतात. तमिळ भक्तीने खेळाचे टरफल फेकून दिले नाही, हे यावरून दिसून येईल. पदाचा ताल, पदाची लांबी, पदातील प्रश्नोत्तर हे सारे खेळाकडून आले. आणि अर्थ त्या घाटातच राहतो.

आता तंजावरचे मराठी वाङ्मय पाहू. येथील मराठी राजांनी तमिळ वाङ्मयप्रकारांकडे पाठ फिरविली नव्हती. दुसऱ्या सरफोजीने (१७९८–१८३२) लिहिलेली ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्याचे ठळक उदाहरण. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या डोंगरी स्त्रीचे नाट्यगीत. हा अस्सल तमिळ प्रकार. सरफोजीने तो मराठीत आणला, आणि त्या स्त्रीच्या तोंडी इंद्राणीसाठी चक्क पृथ्वीचा भूगोल घातला. नव्या विद्येची शाळा चालविणाऱ्या राजास शोभेलसेच हे! कोट्टैयूरच्या शिवक्कोळुंदु देशिकरांनी तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली, तिचा नायक खुद्द हाच मराठी राजा. आणि कुरवंजीत नायिकेचा चेंडूचा खेळ हा रूढ प्रसंग असतो. ‘तिरुक्कुट्राल कुरवंजी’तील वसंतवल्लीचा चेंडू तमिळ रसिकांच्या जिभेवर आहे, उडणाऱ्या चेंडूबरोबर शब्दही उडावेत अशी ती रचना. शाळेचे ज्ञान आणि चेंडूचा खेळ ही दोन्ही ज्या वाङ्मयप्रकाराच्या परिघात होती, तो प्रकार मराठीने तंजावरास हाताळला. पण घेतला तो भूगोल सांगण्यासाठी. हा निवडीचा इतिहास बोलका आहे.

मराठीत खेळाची कविता नव्हती असे नव्हे. उलट तमिळमध्ये जे सहसा आढळत नाही ते मराठीत विपुल आहे : दोन बाजू. पिळ्ळैत्तमिळातील बालक एकटे खेळते आणि हरत नाही. अम्मानैचा गोळा देवीच्या हातून पडेल ही शंकाच नाही. तो मोत्यांचा आहे की ग्रहगोलांचा, एवढाच प्रश्न. हरणाऱ्याचा आवाज येतो तो मुख्यत्वे ‘शिट्रिल’मध्ये. मुली म्हणतात, आमची घरकुले मोडू नकोस. आणि आंडाळच्या ‘नाच्चियार तिरुमोळि’तही ती विनवणी आहे. एकनाथांच्या आणि तुकोबांच्या पदांत मात्र खेळणारे आपल्यासारखे आहेत. तेथे गडी आहेत, पाळी आहे, डाव अंगावर येणे आहे, चुकणे आहे. कृष्ण असला तरी तो गोपाळांपैकी एक. त्याच्याशी भांडता येते. ‘बाळक्रीडे’च्या अभंगांत चेंडू यमुनेत जातो तेव्हा काठावर थांबलेल्या सवंगड्यांची भीती खरी असते. पिळ्ळैत्तमिळात बोलते ती आई, मराठी पदात बोलतो तो गडी. आणि गडी बोलू लागला की हार ही केवळ कल्पना उरत नाही.

हुतुतू घ्या. गडी मरतो आणि गडी जगतो, हे शब्द खेळातलेच. संतांना जन्ममरणाचे रूपक त्यांत आणून घालावे लागले नाही. मैदानावरची मुले ते रोज बोलतच होती. फुगडीचा फेरा, फेऱ्यातली भोवळ, हातांची पकड, सुटण्याची भीती, यांतले काय वाच्य आणि काय लक्ष्य? फुगडी खेळताना तोंडातून निघणारा ‘फू’ हा उद्गार पदाच्या ध्रुवपदात येऊन बसतो, तेव्हा तो श्वास आहे, अर्थ नव्हे. आपल्या टीकाकारांनी या पदांची आध्यात्मिक फोड उत्तम केली. मात्र ती पदे धाप लागलेल्या माणसाने म्हणावयाची आहेत, हे त्या फोडीतून निसटले.

हुतुतू हाच तमिळनाडूतील ‘शडुगुडु’. तेथे चढाई करणारा मुलगा दम न सोडता दोनचार चरणांची गाणी म्हणत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो. गाणे संपले किंवा अडखळले की तो मेला. येथे कविता खेळाचे वर्णन करीत नाही, ती खेळाचा नियम आहे. पुढे विसाव्या शतकात महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी या खेळास बांधीव नियम दिले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. १९९० पासून तो आशियाई स्पर्धांत आहे. त्या नियमांप्रमाणे चढाई करणाऱ्याने एका दमात एकच शब्द स्पष्टपणे उच्चारावयाचा : कबड्डी. हे योग्यच झाले. पंचास निवाडा करता आला पाहिजे. पण गावोगावची गाणी जाऊन एक शब्द राहिला, याची नोंद क्रीडेच्या इतिहासाने घेतली नसली तर निदान वाङ्मयाच्या इतिहासाने घ्यावयास हरकत नाही. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा पडल्या आणि कविता त्या रेघांच्या बाहेर गेली. तिच्या जागी वर्तमानपत्राचा वृत्तांत आला.

एका ठिकाणी मात्र ती राहिली, आणि ती जागा मुलींची आहे. सूर्य हस्त नक्षत्रात आला की हादगा सुरू होतो. पाटावर हत्ती काढावयाचा, भोवती फेर धरावयाचा आणि गाणी म्हणावयाची. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढत जाऊन सोळाव्या दिवशी सोळा. याहून शुद्ध अर्थाने ‘हंगाम’ तो कोणता? भोंडल्यातही, दिवस कमी असले तरी, चढता क्रम तोच. गाण्यांत सासर आहे, माहेर आहे, कारल्याचा वेल आहे. म्हणजे मैदानाबाहेरची सारी माणसे बोलतात. आणि गाणी संपली की खिरापत ओळखण्याचा डाव, त्यात हारजीत. गोड की तिखट येथून सुरुवात होते, आणि ओळखता आली नाही तर यजमानीण जिंकते. ग्लेनच्या पुस्तकात जे जे आहे ते बहुतेक येथे सुटे सुटे पडलेले आहे.

ग्लेनचे पुस्तक थोर काव्य आहे असे माझे म्हणणे नाही. पुष्कळशी स्वगते गद्याच्या काठावरूनच चालतात, आणि पात्रे अनेक असली तरी त्यांचा आवाज कित्येकदा एकच वाटतो. पण त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, ज्या आपल्याकडे एकत्र आल्या नाहीत. हंगामाचा क्रम तमिळ पिळ्ळैत्तमिळाने राखला, आपल्या हादग्याने राखला; दोन बाजूंचा झगडा व हरणाऱ्याचा आवाज संतांच्या खेळपदांनी राखला. भोसल्यांच्या राज्यात, तिरुप्पनंदाळपासून तंजावरापर्यंतच्या त्या टापूत, ही दोन्ही सूत्रे शेदीडशे वर्षे जवळजवळ होती. रामदासी मठांतून मराठी पदे म्हटली जात, काशीमठात कुमरगुरुपररांचे पिळ्ळैत्तमिळ म्हटले जाई. त्यांचा पीळ पडला नाही. याचे खापर राजांवर फोडण्यात अर्थ नाही. खेळाची पदे ही खेळाची पदे आहेत असे ज्यांना वाटतच नव्हते, त्यांना दुसऱ्या भाषेतील खेळाची पदे शेजारी असूनही दिसली नाहीत, तर तो दोष दृष्टीचा. आणि ती दृष्टी आजही आपल्या गाथांच्या आवृत्त्यांत शाबूत आहे. फुगडी, हमामा, हुतुतू, विटीदांडू यांचे अभंग तेथे पृष्ठे पुरी करण्यासाठी घेतल्यासारखे एका बाजूस असतात, आणि खाली टीप असते ती वेदान्ताची. डाव कसा मांडीत, गडी किती, कोण केव्हा बाद, याविषयी अवाक्षर नसते.

ती टीप एखाद्या क्रीडाशिक्षकाकडून लिहवून घ्यावी, असे मी एकदा एका संपादकमित्रास सुचविले. त्यांनी ते हसण्यावारी नेले. मग मी त्यांना हुतुतूचा अभंग एका दमात म्हणावयास सांगितले. तिसऱ्या चरणात त्यांचा दम गेला.